सखूवहिनीची दुसरी चूल

डोळखांबच्या चढणीवर जीपचा आवाज आला, की सखूवहिनी हातातलं काम टाकून धावत सुटायची. आधी घरातल्या चुलीत हात घालायची, मग मागच्या पडवीतल्या. दोन्हीकडची राख कोमट लागली की तिच्या जिवात जीव यायचा. एखादी गार निघाली तर मात्र तिचं धाबं दणाणायचं. मग शेजारणीकडून निखारा आणायचा, फुंकून फुंकून ती चूल पेटवायची आणि वर नुसतं पाणी ठेवायचं. बहुतेक वेळा जीप लाकडाच्या ठेकेदाराची निघायची, नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडाची. तरी पुढच्या जीपला ती पुन्हा धावायचीच. असं तिने आठ वर्षं केलं, आणि तिला हे करायला लावणारा मी होतो.

नव्वदच्या दशकात मी त्या भागात तलाठी होतो. तलाठी म्हटलं की लोकांना जरबेचा, समोरच्याला घाम फोडणारा माणूस आठवतो. मी मुळातच भित्रा. माझ्या आधीच्या तलाठ्याला खोट्या दाखल्यांवरून घरी बसवलं होतं, आणि त्याच्या खुर्चीबरोबर त्याचं भयही मला मिळालं. दाखल्यावर सही करण्याआधी मी कागद तीनदा वाचायचो. सरकारने एक अट घातली असेल तिथे मी पदरची दुसरी घालायचो, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर आपल्या अंगाशी यायला नको. बायको म्हणायची, "तुम्हाला तलाठी कोणी केलं? देवळात घंटा बडवायला ठेवायला हवं होतं." ती काही चुकीचं बोलत नव्हती. गावं आडबाजूची, तिथे यायला दुसरं कोणी राजी नसायचं, म्हणून मी नऊ वर्षं तिथेच राहिलो.

भात निसवायच्या दिवसांत एका सकाळी मी चावडीत दप्तर उघडून बसलो होतो. दारात एक बाई येऊन उभी राहिली. काटकुळी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि पाठीवर जुन्या लुगड्यानेच कोणालातरी बांधलेलं. मला वाटलं, तापाने फणफणलेलं पोर असेल. तिने पाठ बाकाला टेकवली, छातीवरची गाठ सोडली आणि बाकावर चांगला मिशा फुटलेला, बावीस-तेवीस वर्षांचा गडी बसवला. त्याचे पाय काटक्यांसारखे बारीक होते. मान एका बाजूला लवंडलेली, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती. तिने पदराने आधी त्याचं तोंड पुसलं, मग स्वतःच्या कपाळावरचा घाम.

"हा बारकू. माजा दीर," ती म्हणाली. "ह्याचं निराधारचं करायचं हाय."

त्यांच्या पाड्यापासून चावडी दीड कोस, सगळा चढ-उताराचा रस्ता. एवढी वाट ती त्याला पाठीवर घेऊन आली होती. बारकू जन्मापासून असा. सासूने मरताना त्याचा हात सखूच्या हातात दिला, तेव्हा सखू एकोणीस वर्षांची होती आणि तिची स्वतःची मंदा अंगावर पीत होती. नवरा पांडू साधा माणूस, दिवाळी झाली की वीटभट्टीवर जायचा तो पावसाच्या तोंडावर परतायचा. बारकूला झटके यायचे. झटक्यांवरच्या गोळ्या शहापूरच्या औषधाच्या दुकानात मिळायच्या आणि दर महिन्याला त्या आणायला घरात पैसे असतीलच असं नव्हतं. "गोली चुकली का पडतो, भाऊसाहेब," ती म्हणाली. "परवा विहिरीच्या काठाला पडला. पाय धरले म्हनून र्‍हायला." तिला सरकारकडून हवं होतं ते एवढंच, की गोळी चुकू नये.

मी फॉर्म पुढे ओढला आणि माझं भय जागं झालं. मी म्हणालो, "सखूबाई, ही योजना निराधारांसाठी आहे. ज्याला कोणी नाही त्याच्यासाठी. ह्याला तर तुम्ही आहात."

ती गोंधळली. "मी हाय म्हनून तर हा जिता हाय."

"तेच म्हणतो मी. मग तो निराधार कसा? भावाची जमीन आहे, भाऊ कमावतो, एका घरात जेवता. असा दाखला मी दिला तर उद्या माझी नोकरी जाईल. त्याचं रेशनकार्ड वेगळं करा, राहणं वेगळं करा. चूल वेगळी पाहिजे."

"त्याला हाताने घास जात नाय. तो चूल कशी पेटवंल?"

"ते मला माहीत नाही. चूल वेगळी असल्याशिवाय मी सही करणार नाही."

हे मी बसल्या जागेवरून, पान लावता लावता म्हणालो. आता आठवलं की माझी मलाच शरम वाटते. तिने वाद घातला नाही. बारकूला पुन्हा पाठीशी बांधलं आणि आल्या वाटेने गेली.

पुढची धावपळ तिने एकटीनेच केली. ठाण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्याला एसटीने नेऊन अपंगाचा दाखला आणला. रेशनकार्ड वेगळं केलं. पंचांच्या सह्या आणल्या. पैसे मंजूर झाले, पोस्टात बारकूच्या डाव्या अंगठ्यावर मिळू लागले, आणि गोळ्या सुरू झाल्या. महिन्यातून चार-पाचदा येणारा झटका दोन-तीन महिन्यांतून एकदा येऊ लागला. मला वाटलं, चला, एक पुण्याचं काम झालं.

मग पिकांची पाहणी करायला मी त्यांच्या पाड्यावर गेलो. वहिनी घरातल्या चुलीवर भात शिजवत होती. तो उतरवला, आणि उरलेले मूठभर तांदूळ घेऊन ती मागच्या पडवीत गेली. कारवीच्या कुडाने पडवी वेगळी काढली होती. एका बाजूला बारकूचं अंथरूण, दुसऱ्या बाजूला मातीची नवी चूल, एक टोप, एक तवा, एक ताटली. तिथे तिने पुन्हा विस्तव केला आणि पुन्हा भात टाकला.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"तुमीच बोल्ले ना, चूल वेगली पायजे."

"अहो, मी कागदावर म्हटलं होतं. खरोखरच्या दोन चुली कशाला पेटवता?"

ती फुंकणी खाली ठेवून माझ्याकडे वळली. "कागदाला तुमी सांभालाल. राखेला कोन सांभालंल? सायब आला, राखेत हात घातला, गार लागली, मंग?"

"कोणी साहेब राखेत हात घालत नाही."

"घातला तर? गोली बंद व्हईल. भ्यालेलं बरं, भाऊसाहेब. भ्यालं का मानूस चुकत नाय."

हे तिचं नेहमीचं वाक्य. ओढ्याला पाणी आलं की बायका पाण्यात पाय घालायच्या, ही काठावर उभी. "भ्यालेलं बरं." गोळी देताना पुडी तीनदा उलटसुलट बघायची, वाचता येत नसताना. "भ्यालेलं बरं." सगळा पाडा तिची नक्कल करायचा. पांडूसुद्धा हसायचा, म्हणायचा, "माजी बायको सावलीला पन इचारून पाय टाकते." तीही त्यांच्यात हसायची. पण हसता हसता कान चढणीकडे.

त्या दिवशी मी तिला म्हणू शकलो असतो, की मोडा ती चूल, माझ्या सांगण्यावर मोडा. मी म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला मनातून बरंच वाटलं. दोन चुली आहेत, आता दाखला पक्का, असा हिशेबी विचार माझ्या डोक्यात आला. बारकूचं अंथरूण विस्तवापासून तीन हातांवर आहे आणि त्याला झटके येतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं, आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावून मी पुढच्या घरी गेलो. वहिनी मात्र ते विसरत नसे. निखारे विझेपर्यंत ती चूल आणि बारकू यांच्या मध्ये पाठ करून बसायची, तिथेच तांदूळ निवडायची, तिथेच गोधडीला टाके घालायची.

दरवर्षी एकदा, हा माणूस हयात आहे आणि अजून निराधार आहे, याची खात्री तलाठ्याने समक्ष करायची असते. मी आमच्याकडे ती कशी होई ते सांगतो. वहिनी बारकूला पाठीवर घेऊन दीड कोस चालत येई. त्याला बाकावर बसवी. तोंड पुसे, केस सारखे करी. मग ती स्वतः चावडीच्या मागच्या दाराने बाहेर जाऊन दाराआड उभी राही. कारण त्याला कोणी नव्हतं ना! ज्याला कोणी नाही तो इथवर आला कसा, हे मी कधी लिहिलं नाही. मी खाकरून मोठ्याने विचारायचो, "बारकू, तुला सांभाळणारं कोणी आहे का?"

बारकू मान सावरायचा, सगळं बळ ओठांत आणायचा आणि म्हणायचा, "कोनी... नाय."

हे दोन शब्द त्याला शिकवायला तिला दिवाळीपासून होळीपर्यंत लागले. सुरुवातीला तो म्हणायचा, "वयनी." प्रश्न विचारला की हसून तिच्याकडे बोट करायचा. तिने समजावलं, रागावली, तोंड फिरवून बसली. "एक दीस पेज नाय दिली त्याला," तिने मला एकदा सांगितलं, आणि सांगता सांगता तिला रडू आलं. "दिसभर माज्याकडं बघत व्हता. संध्याकाली बोल्ला, कोनी नाय. मंग दोघं बसून रडलो, मंग जेवलो." तेव्हापासून बारकूचं उत्तर पक्कं झालं. त्याने ते म्हटलं की दाराआडून वहिनी लगबगीने आत यायची, "शाबास रे माज्या वाघा" म्हणून त्याच्या पाठीवरून हात फिरवायची, आणि तो खदाखदा हसायचा. मी शिक्का मारायचो. आठ वेळा मी त्याला तो प्रश्न विचारला.

मग ते वाईट वर्ष आलं. पोस्टात पैसे दोन महिने उशिरा आले, गोळ्या संपल्या होत्या. दिवस राब भाजायचे, म्हणजे भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळायचे. पांडू भट्टीवर. सकाळी कोणीतरी आवई उठवली की तहसीलची जीप येणार आहे. वहिनीने पडवीतली चूल पेटवली आणि नेहमीसारखी मध्ये बसली. तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला, कुणाच्या राबाची आग पेंढ्याच्या उडवीकडे चालली होती. सगळे धावले, ती पण कळशी घेऊन धावली. फार वेळ गेली नव्हती. परत आली तेव्हा बारकूला झटका येऊन गेला होता आणि त्याचा डावा हात चुलीत होता. जीप काही आलीच नाही.

तिने त्याला दवाखान्यात नेलं नाही. महिनाभर कोरफडीचा गर लावून, फुंकर घालून हात बरा केला. मला कळलं तेव्हा मी संतापलो, म्हणालो, असा कसा निर्दयपणा केलात.

ती खालमानेने म्हणाली, "डागदरनं इचारलं असतं ना, भाजला तवा जवल कोन व्हतं. काय सांगू? मी व्हते बोल्ले तर पैसं जातील. कोनी नवतं बोल्ले तर ते खरंच व्हतं, भाऊसाहेब. मी नव्हते जवल."

हात बरा झाला, पण अंगठ्यावर नवी, गुळगुळीत, चकचकीत कातडी आली. रेषा गेल्या. पोस्टात अंगठा उमटवला तो जुन्या अंगठ्याशी जुळेना. त्यांचंही बरोबर, कागदावर एक अंगठा आणि हातावर दुसरा. पैसे थांबले. मग वरून पत्र आलं, की नायब तहसीलदार स्वतः घरी येऊन चौकशी करतील.

ते पंधरा दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आमचं आम्हाला माहीत. ती एक दिवसाआड चावडीत यायची. येऊन बोलायची काहीच नाही, दाराशी बसायची, जायची. मला अन्न गोड लागेना. मी जुनी फाइल काढून माझ्याच सह्या बघत बसायचो. तिला भीती होती गोळ्यांची, मला माझ्या नोकरीची. त्यातली कोणती मोठी ते सांगायला नको.

नायब तहसीलदार म्हणजे एक तरुण बाई निघाल्या, घाटावरच्या. जीप चढणीवर आली तेव्हा दोन्ही चुली चांगल्या धगधगत होत्या. बाई सरळ पडवीत गेल्या आणि बारकूच्या अंथरुणाशी जमिनीवर बसल्या. त्यांनी त्याचा हात हातात घेऊन पाहिला. "दादा, तुम्हाला जेवायला कोण घालतं?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न बारकूला नवीन होता. तो घाबरून माझ्याकडे बघू लागला. कसाबसा मी आमचा ठरलेला प्रश्न विचारला. "बारकू, तुला सांभाळणारं कोणी आहे का?"

"कोनी नाय," बारकू म्हणाला. इतकं स्वच्छ तो आधी कधी बोलला नव्हता.

बाईंनी दाराकडे बोट केलं. तिथे वहिनी उभी होती, पदराचं टोक दातांत धरून. "आणि ह्या कोण?"

बारकूने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "कोनी नाय."

पोर परीक्षेत पास झाल्यावर आईचा चेहरा होतो तसा वहिनीचा चेहरा झाला, आणि त्याच वेळी तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येऊ लागलं. मी इतकी वर्षं नोकरी केली, नाना तऱ्हेची माणसं पाहिली. तो चेहरा विसरता येत नाही.

बाईंनी राखेत हात घातला नाही. दोन्ही चुलींकडे एकदा बघितलं आणि बाहेर येऊन जीपच्या बॉनेटवर फाइल उघडली. "हे वेगळं रेशनकार्ड, वेगळी चूल, हा पंचनामा, हे सगळं कशासाठी?" त्या म्हणाल्या. "ह्याला आई-बाप नाहीत, बायको-मुलं नाहीत. मोठा अपंग माणूस भावाकडे राहत असेल तर भावाचं कुटुंब यात धरायचंच नसतं. भावजय सांभाळते असं सरळ लिहायचं. ह्या बिचाऱ्यांना दोन चुली करायला सांगितलं कोणी?"

मी म्हणालो, "पूर्वीपासूनची पद्धत आहे, मॅडम."

'मी सांगितलं' असं म्हणालो असतो तर फार तर एक नोटीस आली असती. तेवढंही धैर्य मला झालं नाही. बाईंनी बारकूच्या उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला, सही केली आणि गेल्या. पुढच्या महिन्यापासून पैसे सुरू झाले. वहिनीने माझ्या घरी पाटीभर वरी आणून दिली, माझे उपकार झाले म्हणून. बायकोने ती शिजवली. मी ताट तसंच ठेवून उठलो.

तिला खरं सांगायला मला चार महिने लागले. गणपती गेल्यावर एका दुपारी गेलो. ती बारकूला पेज भरवत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर पुन्हा जीभ मागे गेली असती. "सखूबाई, दुसरी चूल लागत नव्हती. कधीच लागत नव्हती. नियम मी नीट वाचला नव्हता. भीतीपोटी मीच ती अट घातली."

तिने एक घास भरवला, त्याची हनुवटी पुसली. "म्हंजे, मी हाय असं बोल्लं तरी चाललं असतं?"

"हो."

"पैल्यापासून?"

"पहिल्यापासून."

ती बारकूच्या डाव्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, आता ही मला शिव्यांची लाखोली वाहील. वाहिली असती तर फार बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "मंग ह्याला आता उलटं शिकवाया लागंल."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "फारमात माजं नाव लिवाल?"

त्या फॉर्मात सगळ्याला रकाने होते. अपंगत्व किती टक्के, जमीन किती, घर कुडाचं की विटांचं. त्याला उचलणारी, धुणारी, भरवणारी कोण, याला रकाना नव्हता. तिला सरकारकडून दमडी मिळणार नव्हती, आणि एक ओळही नव्हती. मी शेऱ्याच्या जागेत लिहिलं, 'सांभाळ भावजय सखूबाई करते.' तिला दोनदा वाचून दाखवलं. तिने विचारलं, "हे सायब वाचंल?" मी हो म्हणालो. गरज नसताना तिने त्याखाली अंगठा उमटवला. "मला पैसं नको त्यातलं," म्हणाली. "नाव हाय, बास."

चूल मात्र तिने मोडली नाही. मी म्हणालो, आता तरी मोडा. तर म्हणे, "तुमी आज ना उद्या बदलून जाल. नवा सायब काय वाचंल, कोन जाने. भ्यालेलं बरं." त्यावर तिला तोंड वर करून काही सांगण्याचा हक्क मला उरला नव्हता.

बारकूला उलटं शिकवायचा तिने फार प्रयत्न केला. मी एकदा पाहिलं. ती त्याच्यासमोर बसून विचारायची, "बारक्या, तुला कोन हाय?" तो छाती काढून सांगायचा, "कोनी नाय," आणि शाबासकीसाठी बघत राहायचा. ती स्वतःच्या छातीवर हात ठेवून म्हणायची, "मी. वयनी." त्याला ती मस्करी वाटायची. एकदा तिने पूर्वीसारखं तोंड फिरवलं. तसा तो घाबरला आणि जास्तच जोरात, परत परत तेच म्हणू लागला. तिने लगेच त्याला जवळ घेतलं. मला म्हणाली, "पुन्ना उपाशी नाय ठेवनार त्याला. दिसभर मला वयनी, वयनी बोलतो, ते पुरं. इचारलं का तेवढं कोनी नाय बोलतो. बोलू दे." आणि तिने तो नाद सोडला.

त्यानंतर तिला एकाच भीतीने घेरलं. चावडीत आली की विचारायची, "मी गेल्यावं गोली कोन देल?" मी म्हणायचो, अजून तुम्ही धडधाकट आहात. ती म्हणायची, "म्हनून तर आता इचारते."

माझी मुरबाडला बदली झाली. पुढच्या पावसाळ्यात लावणी चालू असताना तिच्या छातीत कळ आली. दोन दिवस ती अंगावर काढली, दवाखान्यात गेले तर ह्याच्याजवळ कोण, म्हणून. तिसऱ्या दिवशी बांधाला टेकून बसली ती उठलीच नाही. मला निरोप उशिरा लागला, मी तेराव्याला पोचलो. मंदा आली होती, तिला सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावात दिलेली. पांडू दिवाळीनंतर पुन्हा भट्टीवर जाणार, म्हणून ती आणि तिचा नवरा बारकूला आपल्याकडे न्यायला तयार होते. गोळ्यांची पुडी तिने आधीच आपल्या पिशवीत घेतली होती. कागदांचं मी पाहतो, असं मी तिला सांगितलं, आणि या वेळी नियम मी खरोखर वाचून आलो होतो.

पडवीत बायका बसल्या होत्या. बारकू आपल्या अंथरुणावर कुडाला टेकून होता. मला पाहताच तो सावरून बसला, मान सरळ केली. मी काहीही विचारलं नव्हतं.

"कोनी नाय," तो म्हणाला.

बायकांना हुंदका आवरेना. "बघा, कललं बिचाऱ्याला," एक म्हातारी म्हणाली. मंदा पदरात तोंड लपवून रडू लागली. बारकूचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. तो मान वळवून मागच्या दाराकडे बघत होता. बरोबर उत्तर दिलं की वहिनी दाराआडून आत यायची. थोडा वेळ त्याने वाट पाहिली. मग तो पुन्हा माझ्याकडे वळला आणि या वेळी मला नीट ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने म्हणाला, "कोनी नाय."